मागचा लाल दिवा

मला राग पटकन येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण एका बल्बचा राग इतकी वर्षं धरून बसलेली मी एकटीच असेन. एखाद्या जुन्या गाडीला मागे नवे एलईडी लावलेले दिसले की आजही माझ्या तोंडून शिवी जाते. शेजारी बसलेल्यांना वाटतं, डोळ्यांवर उजेड आला म्हणून. उजेडाचं मला काही नाही.

आमचे वडील, तात्या, फौजेत ड्रायव्हर होते. सत्तरी ओलांडली तरी फौज काही अंगातून गेली नव्हती. तासगावच्या अलीकडे आमचं गाव. तिथे घरासमोर लिंबाखाली त्यांची जुनी व्हॅन उभी असायची आणि रोज सकाळी चहाच्या आधी तिची 'फस्ट परेड' व्हायची. फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी अशी तपासणी करतात. पाणी, तेल, हवा बघून झाली की तात्या स्टिअरिंगला बसायचे आणि आई पदर खोचून गाडीच्या मागे उभी राहायची.

"डावा?"

"लागला."

"उजवा?"

"लागला."

"बिरेक?"

"लागला. आता च्या घ्या, निवतुया."

आम्ही भावंडं या परेडची नक्कल करून हसायचो. पण ती उगाच नव्हती. गावात कुणाच्या छातीत कळ येऊ दे, कुणाची सून अडू दे, मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं की माणसं आधी आमच्या दारात यायची. तात्या पाच मिनिटांत गाडी काढत. पेन्शन आणि मेडल कपाटात होतं, पण त्यांचा मान त्या व्हॅनमध्ये होता.

मी नोकरीला पुण्यात. तात्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या वर्षी सुट्टीला आले आणि दिवेलागणीला त्यांच्या शेजारी बसून तासगावहून आले. समोर नुसता पिवळा, कंदिलासारखा उजेड. तात्यांना चांगलं दिसत होतं, तक्रार काही नव्हती, पण मला शहाणपणा सुचला. दुसऱ्याच दिवशी सांगलीत गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात व्हॅन नेली आणि बाहेरचे सगळे बल्ब एलईडी करून घेतले.

"गाडीसंगट आल्यालं बल्ब हायती ती, पोरी. त्यांना काय धाड भरलीया?" तात्या म्हणाले.

"तुम्ही जुन्या काळातच राहा," मी फणकारले.

दुकानदार गोड बोलणारा. "ताई, बिनधास्त ऱ्हावा. लय झाक उजेड पडतुया." आधी इंडिकेटर भलतेच भराभर लुकलुकायला लागले. तात्या म्हणाले, "ह्याला काय हिवताप भरलाय का?" दुकानदाराने लगेच आतला फ्लॅशर बदलून दिला आणि माझा त्याच्यावर पक्का विश्वास बसला. पुढचे बल्ब मात्र तात्यांनी चार दिवसांत काढले. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता. "समोरच्याला आंधळं करून मी कुटं जाणार हाय?" असं म्हणून त्यांनी जुने पिवळे परत बसवले. मागचे तरी राहू द्या, म्हणून मी हटून बसले. ते राहिले. परेडमध्ये आईने ब्रेकच्या दिव्याचं कौतुकही केलं.

दिवाळीनंतर तात्या मला मिरज स्टेशनवर सोडून गावाकडे परत निघाले. माझी रेल्वे कराड सोडते न सोडते तोच आईचा फोन आला. अंधारून येताना तात्यांच्या पुढे उसाची ट्रॉली होती. ती हळू झाली म्हणून तात्या थांबले, आणि मागून दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल व्हॅनवर आदळली. तात्यांना काही झालं नव्हतं. शेजारच्या गावच्या दूधवाल्याचा हात मोडला होता.

दूधवाला बिचारा खोटं बोलणारा नव्हता. तो म्हणाला, "ब्रेकची लाईट लागलीच न्हाई. म्हाताऱ्यानं ब्रेक दाबलाच न्हाई." झालं. गावाला तेवढंच पुरलं. ब्रेक समजून क्लच दाबून बसले असतील, गाडी आचका देऊन बंद पडली असेल, वय झालं, डोळं गेलं. ज्यांच्या बायकांना तात्यांनी वेळेवर मिरजेला पोचवलं, तीच माणसं पारावर बसून हे बोलत होती. मला आजही त्यांचा संताप येतो.

तात्या एवढंच म्हणत होते, "मी बिरेक दाबला हुता." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईला गाडीच्या मागे उभं केलं. एका दिव्याची काच फुटली होती, पण दुसरा दिवा शाबूत होता.

"बिरेक?"

"लागला," आई म्हणाली.

म्हणजे दिवा चांगला होता. म्हणजे चूक तात्यांचीच. चाळीस वर्षं ज्या परेडवर विश्वास टाकला तिनेच त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली.

मी परत गावी आले आणि व्हॅनची किल्ली पर्समध्ये टाकून पुण्याला घेऊन गेले. "आता बास, तात्या," एवढंच बोलले. ते भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली.

त्यानंतर आमच्या दारात कुणी आलं नाही. माणसं विट्याहून गाडी मागवायला लागली. आई फोनवर सांगायची, "आगं, दिसभर खुर्चीत बसूनच असत्यात. उजवा पाय नुसता फरशीवर आपटत्यात." मला वाटलं, गुडघा धरला असेल. मी चोळायला तेल पाठवून दिलं.

तीन महिन्यांनी व्हॅन विकायची ठरली. म्हसवडचं एक गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं. मी किल्ली घेऊन आले आणि संध्याकाळी अंगणातच म्हटलं, एकदा सगळं बघून घेऊ. अंधारलं होतं म्हणून गाडीचे दिवे लावले. आई सवयीने मागे जाऊन उभी राहिली. मी ब्रेकवर पाय दाबला आणि वाट बघत बसले.

"लागला का?"

"काय?"

"ब्रेक, आई."

"मगापासनं लागलाय की. तू आत्ता दाबलास व्हय?"

मी पाय सोडला. पुन्हा दाबला. खाली उतरून आईला आत बसवलं, तिला दाबायला लावलं. मागचा लाल दिवा तसाच. फरक म्हणून नाही. जुन्या बल्बात दोन तारा असतात. गाडीचे दिवे लावले की मंद तार पेटते, ब्रेक दाबला की झगझगीत. या नव्या बल्बात दोन्ही सारखंच. दिवसा, बाकीचे दिवे बंद असताना, ब्रेक लागलेला दिसायचा. परेड नेहमी सकाळी. अंधारात तो बल्ब मागच्याला काही म्हणजे काही सांगत नव्हता.

मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला.

"ताई, ब्रेक दाबल्यावर लागतुया न्हवं?" तो म्हणाला. "सगळी हेच नेत्यात. कुणाची तक्रार न्हाई."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईने कानावर हात ठेवले. पण बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की दुकानदाराने बल्ब विकला, लावायचा हट्ट माझा होता. त्याने तात्यांना खोटं पाडलं नव्हतं. ते मी पाडलं.

आरडाओरडा ऐकून तात्या बाहेर आले. मी सगळं सांगितलं, दाखवलंही. आईने ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. तात्या वाकून दिव्याकडे बघत राहिले.

"म्हंजी दाबला हुता मी," ते म्हणाले.

"हो तात्या. दाबला होता."

मला वाटलं, आता ते माझ्यावर चिडतील. मला ते हवंही होतं. पण ते त्या व्हॅनच्या मागच्या दाराला टेकले आणि आपल्या उजव्या पायाकडे बघत म्हणाले, "तीन म्हैनं खुर्चीत बसून ह्यो पाय दाबून बघतुया मी. वक्ताला दबतुया का न्हाई म्हनून."