माणिक भावजींच्या पोटाची कणगी

आमच्या माणिक भावजींना पुसेगावात सगळे माणिकराव म्हणतात. मी पडले वहिनी, मी तोंडावर 'पोटोबा' म्हणते. काम म्हणाल तर सोयरीक जुळवणं. मोटरसायकलवर गावोगाव फिरून ह्या घरचं पोरगं त्या घरच्या पोरीला सांगायचं.

आमच्याकडं सोयरीक घेऊन आलेल्या माणसानं चहा नको म्हणलं, की घरचे समजतात, याला पोरीत खोट दिसली. म्हणून भावजी दिवसभर दर घरी गोडमिट्ट चहा पेत राहिले. आधी पोट दारात यायचं, मागून भावजी. त्यात बेंबीपाशी हर्निया निघाला. डॉक्टर म्हणले, "आधी चरबी उतरवा, मग ऑपरेशन. न्हाईतर टाके टिकायचे न्हाईत." मोटरसायकलवर बसलं की तकलीफ व्हायची. अन् फिरणं बंद झालं तर ह्या माणसाला घरात कोण सांभाळणार?

भावजींनी रातचं जेवण सोडलं. पोट जागचं हललं न्हाई.

त्यांची लेक प्रतीक्षा नर्सिंगला शिकते. सुट्टीत आली तशी तिनं बापाला ओट्यावर बसवलं. "बाबा, चरबीची पेशी म्हंजे आपली धान्याची कणगी समजा. तुमी गोड पेलात की रक्तात इन्सुलिन चढतं, अन् कणगीच्या तोंडावर राखणीला बसतं. आत टाका म्हणतं, बाहेर काढू देत न्हाई. ते उतरलं की आतल्या कात्र्या चालू होतात. चरबी कापून फॅटी ॲसिड अलग, ग्लिसरॉल अलग. फॅटी ॲसिड रक्तातून स्नायूत जाऊन जळतं. पण तुमी दर घरी चहा पेऊन राहिले, तर राखणदार उठंल कधी?"

"अन् जळल्यावर जाते कुठं? घामात?"

"थोडी पाणी होऊन जाते. बाकी बहुतेक श्वासातून."

"मंग बोलून बोलूनच बारीक होतो की मी."

"तसं असतं तर मोठी आई काडी झाली असती," पोरगी माझ्याकडं बघून म्हणाली. बापलेक पोट धरून हसले. मी कणीक जरा जोरात मळली.

तवापासून जेवण बेतात, सकाळी चालणं, अन् चहा कोरा, बिनसाखरेचा. घरी जमलं. पण डोंगरकडा गावात चतुराबाईच्या नातीची, ज्योतीची सोयरीक घेऊन जायचं होतं. संगं बाईमाणूस पाहिजे म्हणून मी बी गेले.

सून सरितानं गोड चहाचे कप आणले. भावजी हळूच म्हणले, "माझा कोरा करा, बिनसाखरेचा."

चतुराबाईनं पदर सावरला. "काहून? आमच्या ज्योतीत काय कमी दिसलं?"

झालं. भावजींनी पोटावर हात ठेवून कणगी सांगितली, राखणदार सांगितला, कात्र्या सांगितल्या. दाराआड ज्योती तोंडात ओढणी कोंबून हसत होती. म्हातारी काही हलली न्हाई. "पाव्हण्यानं पेल्याबिगर मी कप उचलत न्हाई," म्हणाली, अन् नजर मातर कपावरच.

सरिता माझ्या कानात बोलली, "आत्याबाईला शुगर हाय. पाव्हणे आले तरच अर्धा कप गोड भेटतो. म्हणून त्या कपासाठी जीव तुटतोय."

मी भावजींना हळूच म्हातारीच्या शुगरचं सांगितलं. त्यांचा हात गोड कपाच्या कानापर्यंत गेला होता. सोयरीक मोडायची भीती हो. पण थांबले. "मावशी," म्हणले, "आपल्या दोघांवर बी डॉक्टरची नजर हाय. तुमी अन् मी संगं कोराच पेऊ. ज्योतीत खोट काढीन तर पुन्हा ह्या दारात येणार न्हाई."

"आधी तुमी," म्हातारी म्हणाली.

सरितानं कोरा आणला. भावजींनी तोंड वाकडं न करता कप रिकामा केला. चतुराबाईनं एक घोट घेतला, अन् कडुलिंब चावल्यासारखं तोंड केलं. "सोयरीक पक्की समजा. पण लग्नात असलं काही पाजाल तर नवरदेव वापस पाठवीन."

ती गोष्ट गावोगाव गेली. आता भावजी उंबऱ्यात दिसले की कोरा चहा चुलीवर चढतो. पोट उतरलं तसं परवा डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली. मला वाटलं भावजी हात जोडतील. त्यांनी खुर्ची जवळ ओढली अन् विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमचं लगीन झालंय का?"