दहा माणसं, तीन तास

प्रस्ताव नाकारला याचा समीक्षाला आधी रागच आला. दोन दिवस ती घरात धुसफुसत राहिली. तिसऱ्या दिवशी नाकारल्याचा तो मेल तिनं शांतपणे वाचला आणि डोक्याला हात लावला. चूक तिचीच होती, आणि असली चूक आपल्या मावळातलं माणूसच करू जाणे!

समीक्षा म्हणजे भाजे गावच्या हौशीरामची थोरली पोर. तळेगावला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, आणि गेली चार वर्षं कुसगावच्या हॉटेलवाल्यांच्या वेबसाइटी करते. तिची एक खासियत आहे. रविवारी पर्यटकांची झुंबड उडाली की इकडं नेटवर्कची जेमतेम एक दांडी उरते. मोठ्या कंपन्यांची भारीभक्कम पानं तेव्हा नुसती गरगर फिरत बसतात. हिची पानं त्या एका दांडीवरही पटकन उघडतात. हे कसब तिनं कुणाकडून शिकलेलं नाही, स्वतः डोकं फोडून कमावलंय.

पुण्यात वेब तंत्रज्ञानाची परिषद भरणार होती. नवख्यांना काहीतरी हातानं करायला लावणाऱ्या कार्यशाळा हव्यात, प्रस्ताव पाठवा, असं त्यांनी जाहीर केलं. समीक्षानं मोठ्या हौसेनं पाठवला. कधीच वेबपान न केलेल्या माणसाकडून तीन तासांत त्याच्या धंद्याचं हलकं पान करून घ्यायचं, असा विषय. विषय फक्कड होता. पण वेळापत्रक? दीपप्रज्वलन दहा मिनिटं, मान्यवरांचं स्वागत आणि सत्कार वीस, प्रास्ताविक दहा, शेवटी आभारप्रदर्शन दहा. गावात ग्रंथालयाचं कपाट उघडायचं असलं तरी एवढं होतंच, तिला त्यात वावगं काही वाटलंच नाही. समितीनं सरळ विचारलं होतं, ‘तीन तासांतली पन्नास मिनिटं समारंभात गेली, मग शिकवणार कधी? आणि नवख्या माणसाला हे जमतं याला आधार काय?’ खाली एक ओळ होती, बारा दिवसांत सुधारून पाठवता येईल.

“आता बघतेच,” समीक्षा आईला म्हणाली. नंदाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी काय बघते ते विचारलं नाही. पोरगी असं म्हणाली की मागं हटत नाही, हे त्यांना पाठ होतं.

समितीला आधार दाखवायचा म्हणून तिनं शाळेतली कॉम्प्युटरची खोली रविवारी दहा ते एक मागून घेतली आणि दहा माणसं गोळा केली. कुणी घरात पर्यटक उतरवणारं, कुणी रिक्षावालं, कार्ले फाट्यावर चहा-भज्यांचा गाडा लावणाऱ्या रतन मावशी. एकानंही कधी वेबपान केलेलं नव्हतं. नियम एकच, शिकवणारीनं कुणाच्या कीबोर्डला हात लावायचा नाही.

बरोबर दहाला बाजीराव भाऊ दारात हजर. गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचे हे कायमचे अध्यक्ष. हातात नारळ, मागं शाल घेतलेले दोघं.

“आधी दोन शब्द बोलतो, मंग करा तुमचं चालू,” भाऊ म्हणाले.

समीक्षानं घड्याळाकडं पाहिलं. या माणसापुढं तिचा बापसुद्धा कधी मान वर करून बोलला नव्हता. पण भिंतीवरचं घड्याळ काही भाऊंना घाबरत नव्हतं.

“भाऊ, भाषान न्हाई,” ती म्हणाली. “बसायचं आसंल तर मागं बसा. न्हाईतर दुपारी या.”

भाऊंचे कान लालबुंद झाले. पण बाकीचे दहा जण कॉम्प्युटरकडं वळले होते, त्यामुळं बोलणार तरी कुणापुढं? ते मागच्या बाकावर मुकाट बसले.

पहिला तास धडपडीतच गेला. दुसऱ्या तासात पानावर नावं उमटायला लागली, तशी माणसं खुलली. तिसऱ्या तासाला फोटो टाकायची वेळ आली आणि तिथंच गाडं रुतलं. मोबाइलवरचे फोटो जड, ते आधी लहान करून घ्यायचे होते. रतन मावशी तर रडकुंडीला आल्या. समीक्षाचे हात नुसते शिवशिवत होते. एक बटण दाबलं की झालं! तिनं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले आणि तोंडानं पुन्हा सांगितलं. पुन्हा एकदा सांगितलं.

एक वाजला तेव्हा सात पानं झाली होती. समीक्षानं आकडा वहीत टिपला.

“आठ लिही की,” मागून बाजीराव भाऊ म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात खरोखर माया होती. “रतनचं झाल्यातच जमाय. कोन बघायला येतंय?”

“सातच झाल्यात, भाऊ.”

रतन मावशी मात्र उठायला तयार नव्हत्या. “मी न्हाई हलायची हितनं,” म्हणत त्या खुर्चीत घट्ट बसून राहिल्या. एक वाजून अकरा मिनिटांनी त्यांच्या गाड्याचं पान झालं. कांदाभज्यांच्या फोटोसकट.

समीक्षानं नव्या प्रस्तावात सगळं जसंच्या तसं लिहिलं. दहापैकी सात वेळेत. आठवं अकरा मिनिटं उशिरा. दोघांचं राहिलं. तिघंही फोटोपाशीच अडकले, म्हणून फोटोचं काम आता पहिल्या तासात घेतलंय. समारंभाला एक मिनिटही ठेवलेलं नाही.

दोन आठवड्यांनी मेल आला. कार्यशाळा मंजूर, तीस जागा. ‘माणसं कुठं अडकतात ते लिहिणारा प्रस्ताव तुमचा एकच आला,’ असं त्यात होतं. समीक्षा रडली, अगदी ढसाढसा. मग डोळे पुसून तिनं खालची ओळ वाचली. मदतीला एक माणूस सोबत आणा, त्याचं नाव कळवा. रुचिर आणि कौमुदी, तिच्या डिप्लोमातले दोघंही नोकरीवाले हुशार, एका फोनवर आले असते.

तिनं रतन मावशींचं नाव कळवलं आणि मग कार्ले फाट्यावर गेली.

“मी? पुन्याला?” मावशींच्या हातातला झारा कढईवरच थांबला. “येडी का खुळी तू? मला काय येतंय गं?”

“पान करता येतंय. आन कुटं अडकायला व्हतं त्ये तुमच्याइतकं कुनालाच ठावं न्हाई. तितली तीस मानसंबी तितंच अडकनार हायती.”

भजी करपायला लागली तशी मावशींनी ती घाईघाईनं काढली, गॅस बंद केला आणि पदराला हात पुसले.

“कवा निघायचं त्ये सांग,” त्या म्हणाल्या.