साखरेच्या कोठीची झडप

सत्तरच्या दशकात दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात मला नोकरी लागली. घर शिरूरकडे, घोड नदीच्या काठी. आमच्या बौद्ध वस्तीत डिप्लोमा झालेला मी पहिलाच. माझं काम चुकलं तर ते माझ्या एकट्याचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही, ही धास्ती कायम पोटात असायची.

कारखान्यात साखरेच्या कोठीखाली लोखंडी सरकती झडप होती. ती उघडली की खालच्या पोत्यात साखर पडायची. खुटबावचे एक वयस्क मामा ती हाताने ओढायचे. आदल्या हंगामात आत अडकलेला साखरेचा खडा काढताना जोडीदाराने चुकून झडप लोटली आणि मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हा चीफ इंजिनिअरांनी झडप मोटारीवर घ्यायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे दिलं.

मोटार सुलटी फिरली की आट्यांचा दांडा पुढे जाऊन झडप मिटणार, उलटी फिरली की उघडणार. मोटार बॅटरीवरची होती. तिच्या दोन वायरींची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. ही अदलाबदल करायला मी दोन रिले, म्हणजे बटणाच्या हुकुमावर विजेने चालणारे स्विच, बसवले, एक मिटवायला, एक उघडायला. झडप टोकाला पोचली की त्या त्या रिलेचा पुरवठा तोडणारे दोन छोटे स्विचही लावले. कागदावर सगळं चोख होतं. तरी आठ दिवस मला जेवण गोड लागलं नव्हतं.

संचालक मंडळ बघायला येणार, त्याच्या आदल्या दुपारी मी आणि मामांनी चाचणी घेतली. झडप दहा-बारा वेळा छान चालली. मग मी बटणं भराभर दाबून बघितली: मीट, उघड, मीट. तेवढ्यात मामांना आत खडा दिसला. त्यांनी लाकडी फळी घातली. मी बटणावरून बोट काढलं, पण झडप थांबली नाही. फळीत रुतत चालली, मोटार कण्हायला लागली. मी बॅटरीची वायर ओढून काढली तेव्हा फळीचा टोकाकडचा तुकडा पोत्यात पडला होता.

मी रिले उघडला. घाईघाईने दिशा बदलताना ठिणगी पडून त्याचे वीज जोडणारे पॉइंट एकमेकांना चिकटले होते. रिलेला हुकूम देणारी वायर तोडून आता काही उपयोग नव्हता; वीज चिकटलेल्या पॉइंटमधून थेट मोटारीला जात होती. माझे टोकाचे स्विच शोभेचे ठरले होते. पॉइंट घासून पुन्हा बसवले असते तर उद्याचा दिवस बिनबोभाट गेला असता. हे आम्हा दोघांशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

मामांनी पोत्यातून फळीचा तुकडा उचलला आणि म्हणाले, "सायेब, उद्या मंडळ बघून जाईल. परवापास्नं हितं म्या उभा ऱ्हानार हाय."

मी तसाच चीफ इंजिनिअरांकडे गेलो आणि फळीचा तुकडा टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. साहेब चिडले. मंडळाला काय सांगू, असं दोनदा विचारलं. शेवटी मंडळाची भेट पुढे ढकलून आठ दिवस दिले.

त्या आठ दिवसांत टोकाचे स्विच मी थेट मोटारीकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेवर आणले. एक रिले बंद झाल्यावर दुसरा लगेच सुरू होऊ नये म्हणून मध्ये क्षणभराचा खंड ठेवला. आणि मामांच्या हाताशी मोठा खटक्याचा स्विच बसवला. तो खाली ओढला की बॅटरीचा पुरवठाच तुटणार.

मंडळासमोर झडप नीट चालली. गर्दी पांगल्यावर मामा कोठीजवळ गेले, खटका वर होता की खाली ओढलेला, मला दिसेना, आणि अडकलेला खडा काढायला हात आत घालू लागले. मी धावत जाऊन मनगट धरलं.

"तुमचाच तुमच्या कामावर भरवसा न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं.

"यंत्रावर नाही, मामा. आधी खटका खाली, मग हात."

त्यांनी खटका दाखवला. तो त्यांनी आधीच खाली ओढलेला होता. मग त्यांनी सावकाश खडा काढला, बाजूला टाकला आणि पुढचं पोतं लावलं. हंगाम संपेपर्यंत कोठीकडून मोटारीचा आवाज आला की मी मात्र हातातलं काम थांबवून ती बंद होईपर्यंत ऐकत राहायचो.