यमुनाकाकूंचं भांडण

यमुनाकाकूंच्या अंगणात पडलेला चेंडू परत मिळत नसे. काकू तो विळीवर चिरत आणि त्याच्या दोन वाट्यांत माती भरून कोथिंबीर लावत. आदिलाबादच्या आमच्या गल्लीत त्यांचं कुणाशी पटलं नाही. त्यांची सगळी नोकरी कोर्टात पेशकार म्हणून, न्यायाधीशांपुढे खटल्यांचे कागद ठेवण्यात गेली होती. निवृत्त झाल्या तरी दरारा तोच. कुणी गाऱ्हाणं सांगू लागलं की म्हणत, "पहिले सबूत दाखव, मंग रड."

मी नववीत होते. माझ्या ओठांवर कोडाचे पांढरे डाग आहेत. वर्गातल्या काहींनी माझा फोटो लावून इंटरनेटवर एक खातं उघडलं आणि त्याला नाव दिलं 'चुनावाली'. रोज माझं नवं चित्र येई. कधी मला पालीची शेपटी, कधी गाईचे ठिपके. खाली वर्गातली मुलं लिहीत, 'हिचं उष्टं पाणी पिऊ नका.' एकानं लिहिलं, 'ही मेली तर वर्ग स्वच्छ होईल.' मी पोटदुखीचं सोंग करून घरी राहू लागले. जेवण जाईना.

एका दुपारी मी फोन हौदात टाकायला निघाले. कुंपणापलीकडून आवाज आला, "काऊन वं, फोनले आंघोळ घालून राह्यली का?"

काकू फाटक ढकलून आत आल्या, फोन काढून घेतला आणि चष्मा लावून एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागल्या, कोर्टात वाचावी तशी, सपाट आवाजात. मला वाटलं, आता जवळ घेतील.

"काही पुसू नको," त्या म्हणाल्या. "उत्तर बी देऊ नको. साऱ्याचे फोटो काढून ठेव. नाव अन् तारीख दिसली पाह्यजे."

संध्याकाळी बाबा आले. काकूंकडून सगळं ऐकून म्हणाले, "जाऊ द्या ताई, पोरीची बदनामी होईल. तिचा फोनच बंद करून टाकतो."

"इचा बंद कराचा, अन् त्याइचा चालू ठेवाचा? भल्ला इन्साफ हाय तुमचा."

बाबा दुसऱ्या दिवशी रजा टाकून आमच्यासोबत शाळेत आले.

मुख्याध्यापक तेलुगूत म्हणाले, "चिन्न पिल्ललु, मॅडम." लहान लेकरं आहेत. माझ्या मरणाचं ज्यानं लिहिलं होतं, त्याच्या वडिलांनाही बोलावलं होतं. ते कापसाचे व्यापारी. हसत म्हणाले, "बच्चों का मज़ाक है."

काकूंनी फोन त्यांच्यापुढे धरला. "मज़ाक है तो पढ़िए. आपके बेटे ने लिखा है. ज़ोर से पढ़िए, हम भी हँसेंगे."

त्यांनी अर्धी ओळ वाचली आणि थांबले.

"आगे," काकू म्हणाल्या.

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. नंतर ते हसले नाहीत.

काकूंनी पोलिसांतही दरखास्त दिली. खातं बंद झालं, मुलांनी माफी मागितली. पण पुढं वर्षभर वर्गात माझ्याशी कुणी धड बोललं नाही, आणि गल्ली म्हणू लागली की म्हातारीनं पोरीचा तमाशा केला. मी पेढे घेऊन गेले तर काकूंनी दारातच अडवलं. "पेढे काऊन? गुन्हा झाला होता, बारसं नाही." डबा मात्र ठेवून घेतला आणि दार लावलं.

गेल्या वर्षी गुडघे चालेनासे झाले तेव्हा त्या निर्मल गावी बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्या. पोचवायला गल्लीतलं कुणी आलं नाही. त्यांची बॅग घेऊन मी स्टँडवर गेले. बाकावर बसल्यावर विचारलं, "काकू, तुमाले लोकाइची भीती नाही वाटत?"

"वाटते ना," त्या रस्त्याकडे पाहत म्हणाल्या. "लई वाटते. म्हनून तर पहिले मीच भांडतो."

बस आली. खिडकीच्या जागेवर कुणीतरी रुमाल टाकून ठेवला होता. काकूंनी तो उचलून त्याच्या मालकाच्या हातात दिला आणि बसल्या. बस स्टँडबाहेर पडली तेव्हा दोघांची जोरात जुंपली होती. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.