काढायचे सगळे शब्द

इनेज डाबरेला आठ भाषा येतात, हे शारजात कुणाला ठाऊक नसेल तर तो कालच विमानातून उतरलाय असं समजा. आठही भाषांत ती एकच गोष्ट बोलते: कपडे काढ. औद्योगिक भागातल्या आमच्या क्लिनिकमध्ये कंपन्या कामगार तपासायला पाठवतात. बायकांच्या छातीचे एक्स-रे इनेज काढते, रक्त मी घेते. वसईहून येऊन तिला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत बाईंनी केवढी विद्या मिळवली, बघा!

व्हिएतनामीचा तर तिला भारीच गर्व. ख्रिसमसला अल मजाजच्या फ्लॅटवर पाहुणे जमले की नवरा ग्लेन फर्माईश करणार आणि ही केक कापता कापता सुरू होणार. "ब्लाउज काढायला 'कय आव'. घड्याळ, साखळी काढायची तर 'थाव', वेगळा शब्द बरं का! कमरेच्या वर उघडी असेल तर 'अ त्रन'." मग टाळ्या. डोंबल!

परवा एका शिलाई कारखान्याची बस आली. बारा व्हिएतनामी बायका, आणि आमचे गाऊन नेमके धुवायला गेलेले. पहिलीने एक्स-रे निघाल्या निघाल्या ब्लाउज घालायला घेतला. फोटो हलला होता, परत काढायचा होता, म्हणून इनेज तिच्यावर अशी खेकसली की बाहेरच्या अकराजणींनी धसकाच घेतला.

शेवटची चाळिशी उलटलेली होती. तिचा एक्स-रे झाला आणि इनेजला लेकीचा, जेनेलचा, फोन आला. ही बया बोलत बोलत गेली ती गेलीच. मागे कुणाचा नंबरही नव्हता. बाई रक्त द्यायला कशी येत नाही म्हणून वीस मिनिटांनी मी एक्स-रेच्या खोलीचं दार उघडलं. भिंतीकडे तोंड करून उभी, दोन्ही हात छातीवर, एसीच्या गारठ्याने अंगावर काटा. ब्लाउज हाताच्या अंतरावर खुंटीला होता. पण कुणी घाल म्हटलं नव्हतं ना!

मी ब्लाउज पुढे केला, तर घेण्याआधी तिने दाराकडे बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी पाठ फिरवली आणि 'ओके, ओके' एवढंच म्हणत राहिले.

ती गेल्यावर इनेज उगवली. मी सगळं सांगितलं.

"अगं, मग घालायचा ना तिने! 'घाल'ला काय म्हणतात मला नाही येत. लागतच नाही कधी."

"आठातल्या एकाही भाषेत?"

"एक्स-रे झाला की आपलं काम खलास, उर्मिला."

माझं डोकंच फिरलं. मी दार लावलं, कडी घातली. "चल, काढ ब्लाउज. आणि मी सांगेपर्यंत तिथे उभी राहा."

"वेडी की काय तू!" ती हसली. हसता हसताच तिचा हात गळ्याशी गेला आणि तिने कोटाचं वरचं बटण लावून घेतलं. तिला कुणी सांगावं लागलं नाही.