पाण्याची बारी

लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला, त्यानंतरच्या एका कोरड्या वर्षी आमच्या शाळेत पत्र आलं. नव्या जिल्ह्याचा मुलींचा संघ निवडायचा होता. खेळाच्या सरांनी आमच्या गावातून दोन नावं दिली, माझं आणि अक्काचं.

अक्का माझी मोठी बहीण. नववीत एकदा नापास झाल्यामुळे माझ्याच वर्गात होती. खो-खो, कबड्डी आम्ही दोघीही खेळायचो. पळण्यात मात्र मी तिला कधीच गाठलं नाही.

माय-बाप पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जायचे. वस्तीतला हातपंप आटला होता. मैलभर लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर दोन-दोन तास थांबून पाणी आणावं लागे. एक दिवस मी जायची, एक दिवस अक्का.

निवडीच्या दिवशी बारी माझी होती. कामावर निघताना मायनं विचारलं, "एकीला घरी ऱ्हावं लागंल. आज कुणाची बारी हाय?"

दोघींत कॅनव्हासच्या बुटांची एकच जोडी होती. अक्काच्या मापाची. मी पुढच्या बाजूला चिंध्या कोंबून ती पायात घालत होते.

"अक्काची," मी म्हणाले.

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मग घागरी उचलून ती गेली.

एसटीत सरांनी विचारलं, "मोठी का आली नाही?"

"तिला यायचं नव्हतं, सर."

नव्या जिल्ह्यात खेळणाऱ्या मुली कमी होत्या. मला खो-खोत घेतलं, कबड्डीत घेतलं, आठशे मीटरलाही उभं केलं. पुढं राज्यापर्यंत खेळले. त्याच जोरावर नांदेडला क्रीडाशिक्षिकेची नोकरी लागली. अक्काचं दहावीनंतर लग्न झालं, ती उमरीला गेली. दुसऱ्यांच्या रानात रोजंदारी करत तिनं तीन लेकरं वाढवली.

निवृत्तीनंतर मी बायकांसाठी घरच्या घरी करायच्या व्यायामांचं पुस्तक लिहिलं. लोकांना ते आवडलं. महिला मंडळं भाषणाला बोलावू लागली. 'तुम्हाला कुणी घडवलं?' असं विचारलं की मी मायचं नाव घ्यायची, सरांचं घ्यायची. अक्काचं कधी घेतलं नाही.

पुस्तक घेऊन उमरीला गेले, तेव्हा तिची पाठ वाकलेली होती. बाजेवर बसून तिनं पानं उलटली, माझे फोटो निरखले.

"लई चांगलं केलंस," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. "अक्का, त्या दिवशी बारी माझी होती."

"हाव. म्हाईत हाय मला."

"मग मायला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मला वाटलं, पुढच्या साली जाईन मी." मग पुस्तक मिटत म्हणाली, "पुढच्या साली लगीनच झालं."

माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, पण ती चहा ठेवायला उठली होती. उठताना तिनं भिंतीचा आधार घेतला.

दोन दिवस राहिले. पाठीचे सोपे व्यायाम तिला शिकवायला बघितले. पहिल्या दिवशी माझं मन राखायला तिनं केले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "राहू दे आता. दुखून राहिलंय." मी आग्रह केला नाही. तिच्या पाठीला तेल लावून दिलं आणि दुपारच्या गाडीनं नांदेडला परतले.