बरणीतलं जुनं खमीर

बदलापूरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते. तिथल्या मुली माझ्या प्रॅक्टिकलला वैतागतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. बशीएवढ्या प्लेटवर यीस्ट वाढलं की पेशींचे ठिपके दिसतात. बाकीच्या मॅडम त्यातला एक टपोरा ठिपका काडीने उचलायला लावतात आणि मुलींना वेळेत घरी सोडतात. मी प्रत्येक ठिपका उचलायला लावते. बारका, मळकट, दोन दिवस उशिरा उगवलेला, सगळे. परवा एक पोरगी मागच्या बाकावर पुटपुटली, "मॅडम ना, ताकही फुंकून पितात." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुधाने तोंड पोळल्याशिवाय कोणी ताक फुंकत बसत नाही, एवढं तिला कळलं असतं तर बरं.

माझी पीएचडी लॉकडाऊन उठल्यावर सुरू झाली. विषय यीस्टच्या जनुकांचा. घरात पाककृतींची जाडजूड वही असावी, आणि आज त्यातलं कुठलं पान उघडलं, कुठल्या ओळीपासून वाचायला घेतलं, कुठे थांबले, हे कोणी बाहेरून शोधून काढावं, तसं ते काम. पेशी हव्या त्या जनुकाची आरएनएमध्ये नक्कल करते. त्या नकला गोळा करायच्या, त्यांचे लाखो तुकडे मशीनवर वाचायचे, आणि एकेक तुकडा जीनोमवर, म्हणजे त्या अख्ख्या वहीवर, ज्याच्या त्याच्या जागी बसवायचा. बसवता बसवता नकाशा तयार होतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या यीस्टचे असे नकाशे जगात ढिगाने आहेत. मला आमच्या इकडच्या यीस्टचा करायचा होता.

ते कुठे मिळेल, हे मला माहीत होतं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी अंकलची बेकरी आहे. आम्ही अंबरनाथचे, शिवमंदिराच्या अलीकडे राहतो, पण पाव तिकडचाच. पप्पा एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत ऑपरेटर होते आणि सुट्टीच्या दिवशी मुद्दाम कॅम्प चारला जाऊन तो किंचित आंबूस पाव आणायचे. बेकरीच्या फळीवर चिनी मातीची एक बरणी होती, तपकिरी झाकणाची. त्यात खमीर. रोज रात्रीच्या पिठात त्यातलं थोडं घालायचं आणि बरणीत तेवढंच नवं पीठ-पाणी भरायचं. अंकलचे वडील फाळणीत सिंधमधून आले, तेव्हा हे खमीर फडक्यात वाळवून, पुरचुंडी बांधून आणलेलं, असं अख्ख्या कॅम्पात सगळ्यांना पाठ होतं.

मी नमुना मागायला गेले, तेव्हा अंकलनी पिठाचे हात पुसले आणि विचारलं, "मशीन में डालके देखोगी? क्या-क्या है इसमें, सब दिखेगा?"

"सब दिखेगा, अंकल," मी म्हटलं. केवढा तो रुबाब माझा!

त्यांनी लिंबाएवढा गोळा डबीत घालून दिला. मी तो पाण्यात कालवून प्लेटवर पसरला. तिसऱ्या दिवशी प्लेट ठिपक्यांनी भरली. आमच्यात पद्धत अशी की एकच ठिपका उचलायचा. एक ठिपका म्हणजे एका पेशीची सगळी प्रजा, शुद्ध, भेसळ नाही. मी सगळ्यांत मोठा, पांढराशुभ्र, तकतकीत ठिपका निवडला. काठाला काही बारके करडे ठिपके होते, ते मला आठवतात. प्लेट निर्जंतुक करून फेकून दिली. डबीतल्या उरलेल्या गोळ्यावर बुरशी धरली, तोही टाकला. हे सगळं नियमाप्रमाणे केलं, अगदी वहीत नोंद करून.

पुढची चार वर्षं मी त्या एका ठिपक्याची झाले. नकाशा सुरेख आला. कितीतरी जनुकांचं वाचन प्रयोगशाळेतल्या यीस्टपेक्षा वेगळ्या जागेवरून सुरू होत होतं. साखर पचवणारी जनुकं तर भलत्याच जोरात. मी लिहिलं की पिढ्यान्‌पिढ्या आंबट पिठात राहून या खमिराने वाचायची रीतच बदलली. माझ्या गाईड मॅडम सहजासहजी खूश होणाऱ्यातल्या नाहीत, पण त्याही म्हणाल्या, "गोष्ट आहे यात." पप्पांनी तर विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांना थांबवून सांगितलं, की आपल्या मुलीने फाळणीतलं खमीर वाचलं. मला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

मग नियतकालिकाला पाठवलेला लेख परत आला. परीक्षकाची एकच ओळ होती: बाजारात मिळणाऱ्या बेकरी यीस्टशी तुलना का केली नाही?

का नाही केली? गरजच वाटली नाही. मी चिडून किराणा दुकानातून पाकीट आणलं, दोन्ही यीस्टचा डीएनए काढला आणि जेलवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर विजेने, चालवला. ही एका दिवसाची चाचणी. प्रत्येक वाणाच्या पट्ट्या वेगळ्या अंतरावर उमटतात. पहिल्या वर्षी पहिल्या महिन्यात करायची गोष्ट, पण मला ती बरणीची कहाणी इतकी आवडली होती की तिच्यावर संशय घ्यायचं मनातच आलं नाही.

दोन्ही रांगांत पट्ट्या सारख्या होत्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही कमी-जास्त नव्हती. मी नवा डीएनए काढून पुन्हा चालवलं, तरी तेच. ज्याचा नकाशा मी चार वर्षं काढत होते, ते दुकानातल्या पाकिटातलं यीस्ट होतं. फाळणी, सिंध, पुरचुंडी, सगळं माझ्या लेखात होतं, फक्त माझ्या नळीत नव्हतं.

जेलचा फोटो फक्त माझ्या मोबाइलवर होता. चार दिवस मी तो कोणाला दाखवला नाही. फेलोशिप संपत आलेली, प्रबंधाची प्रकरणं टाइप करून तयार, आणि मी लॅबमध्ये बसून विचार करायची, की दुसऱ्या कंपनीचं पाकीट आणलं तर पट्ट्या जुळणार नाहीत. मग लिहिता येईल, की तुलना केली, फरक आढळला. खोटंही नाही ते. हा विचार माझा होता, दुसऱ्या कोणाचा नाही. जेवण जात नव्हतं. मॅडम समोर आल्या की मी वॉशरूमला जायची. आपण संपलो, यापलीकडे डोक्यात काही शिरत नव्हतं.

शुक्रवारी मी बेकरीत गेले. गिऱ्हाईकं होती, तरी थांबले नाही. मोबाइल काउंटरवर आपटला आणि विचारलं, "अंकल, बरणीत पाकीट घातलंत का तुम्ही?"

त्यांनी हातातली खारी तशीच वजनकाट्यावर ठेवली. म्हणाले, "लॉकडाऊन में डाला." शेजारच्या चाळीत पेशंट सापडला म्हणून गल्ली बंद केली होती, बरणी आत राहिली. दोन महिन्यांनी उघडली तर वर काळं पाणी आणि असा वास की त्यांचा मुलगा फेकूनच देत होता. अंकलनी पाणी ओतून टाकलं, पीठ घातलं, तीन दिवस वाट पाहिली. एक बुडबुडा नाही. चौथ्या दिवशी पाकीट फोडून घातलं. कोणाला सांगितलं नाही.

"मुझे तो बता सकते थे!" मी ओरडले. "चार साल, अंकल! चार साल!"

"मैंने सोचा, तुम ही बताओगी," ते म्हणाले. "पाकिट डाला तो पुराना भी साथ में जाग गया होगा. थोड़ा तो बचा होगा ना, बाबा का? तुमने बोला था, मशीन में सब दिखता है. इसलिए तो दिया तुमको."

मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. माझं घर जळत होतं आणि हा माणूस मला त्याच्या वडिलांबद्दल विचारत होता. मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "कुछ नहीं बचा है. एक कण भी नहीं. सब पाकिट का है, मैंने खुद देखा है."

"एक कण भी नहीं?"

"नहीं."

ते "अच्छा, साईं" म्हणाले आणि खारी तोलायला लागले.

रविवारी मी पप्पांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि विचारलं, "सॅम्पल किती जागांवरून घेतलंस?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे ड्रमचं सॅम्पल वरून एक, मधून एक, तळातून एक. वरचंच घेतलं तर वरचंच कळतं. तळाला काय बसलंय, ते कोणाला माहीत? एकदा मी आळसाने वरचं दिलं होतं, अख्खी बॅच परत आली. तू किती घेतलीस?"

"एक," मी म्हटलं.

पप्पांनी चहा पुन्हा हातात घेतला. आणि मला ती प्लेट दिसली. काठाचे बारके, करडे ठिपके. पाकिटातलं यीस्ट भरभर वाढतं, टपोरं दिसतं. उपाशी राहून, आंबटात तग धरलेलं जुनं यीस्ट सावकाश येतं, बारीक येतं. मी सगळ्यांत मोठा ठिपका उचलला होता, म्हणजे पाकिटाला मी स्वतः निवडलं होतं. आणि त्यावरून त्या माणसाला एक कण नाही म्हणून सांगितलं. बरणीत काय नाही, हे मला माहीतच नव्हतं. एका ठिपक्यावरून ते कळतच नाही.

त्या दिवशी कित्येक दिवसांनी मी नीट जेवले. जुनं खमीर त्या बरणीच्या तळाशी असेल, तर सगळं वाचणार होतं. एकाच बरणीतली दोन यीस्ट, एक पाकिटातलं आणि एक सिंधचं! माझा जुना नकाशा फुकट जाणार नव्हता, त्याच्या शेजारी दुसरा काढता आला असता. मॅडमना काय सांगायचं ते मी मनात जुळवलं. मुदतवाढीचा अर्जसुद्धा लिहून काढला.

सोमवारी सकाळी बेकरी उघडायच्या आत मी शटरसमोर उभी होते, पिशवीत निर्जंतुक डब्या घेऊन. अंकल मला बघून हसले. आत बोलावलं. बरणी काउंटरवर होती, तोंड खाली करून स्वच्छ पंच्यावर पालथी घातलेली.

"उसी दिन धो डाली," ते म्हणाले. "उबलता पानी, सोडा, सब डालके. तुमने बोला ना, कुछ नहीं बचा. तो फिर झूठ काहे को रखना? अब जो पूछता है, सच बोल देता हूँ, पाकिट का पाव है." आणि मग जरा घाबरत, "ठीक किया ना, बेटा?"

मी बरणी सरळ केली, आत कापसाची काडी फिरवली, तळाला, कडेला, झाकणाच्या खाचेत. पीठ मळायचं मशीन स्टीलचं, रोज धुतलेलं, तेही काडीने पुसून घेतलं. अंकल कौतुकाने बघत होते. त्यांना वाटलं, त्यांनी बरणी किती स्वच्छ केली ते मी तपासतेय. बरणीतल्या काड्या ज्या प्लेटांवर फिरवल्या, त्यांवर आठवडाभरात काही उगवलं नाही. मशीनच्या प्लेटवरचे सगळे ठिपके मी उचलले, ते सगळे पाकिटाचे निघाले.

मॅडमना मी मोबाइल दाखवला. त्यांनी मान खाली घालून फोटो दोनदा मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "शीर्षक बदल." प्रबंधाच्या नावातून उल्हासनगर गेलं, खमीर गेलं. नकाशा राहिला, कारण तो खराच होता, फक्त कोणाचा ते मी चुकीचं लिहिलं होतं. पाकिटातल्या यीस्टचा नकाशा म्हणून तो पास झाला. त्याला आता कोणी गोष्ट आहे म्हणत नाही.

पाव मी अजूनही तिथूनच नेते. बरणी फळीवर आहे, तिच्यात नानखटाई असते. एखादं जुनं गिऱ्हाईक पावाची चव बदलली म्हणून कुरकुरलं की अंकल माझ्याकडे बोट दाखवतात. "ये बेटी डॉक्टर है. इसने मशीन में देखा था, बाबा का कुछ बचा ही नहीं था. बचा होता तो मैं धोता क्या?" आणि माझ्याकडे बघतात.

मी दर वेळी मान हलवते आणि म्हणते, "नहीं था, अंकल."